इंग्रजीच्या पेपरची तयारी : चुकांचे मूळ मराठीत, उपायही मराठीतच

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इतिहास, भूगोल किंवा राज्यघटना यांची फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती असते ती इंग्रजीची. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिका असो वा लातूर-नांदेडमधील, टेबलांवर सामान्य अध्ययनाच्या पुस्तकांचे थर दिसतात. इंग्रजी व्याकरणाचे एखादे पुस्तक त्यांच्या तळाशी असते आणि तेही बहुधा पहिल्या पन्नास पानांपर्यंतच मळलेले असते. 'इंग्रजीचे शेवटी पाहू' असे म्हणत वर्ष सरते आणि परीक्षेचा महिना उजाडतो.

या टाळाटाळीची किंमत मोठी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा अनिवार्य पेपर असतो. त्यात किमान २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळवावे लागतात. हे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. परंतु ७५ची मर्यादा ओलांडता आली नाही, तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांच्या पेपरमधील गुण विचारातच घेतले जात नाहीत. दोन-तीन वर्षांची मेहनत एका पेपरपाशी येऊन थांबते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी हीच पद्धत स्वीकारली असून, २०२५च्या परीक्षेपासून मराठी आणि इंग्रजी हे प्रत्येकी ३०० गुणांचे पात्रता पेपर झाले आहेत. तेथेही २५ टक्क्यांची अट आहे.

मग या विषयाची तयारी करायची तरी कशी? शेकडो नियम पाठ करणे आणि हजारो शब्दांच्या याद्या घोकणे हा रूढ मार्ग आहे. तो लांबचा आहे आणि बहुतेकांचा उत्साह त्यावर अर्ध्यातच मावळतो. त्याहून जवळची वाट उपलब्ध आहे. मराठी भाषक इंग्रजीत ज्या चुका करतो, त्यांतील बऱ्याचशा ठरलेल्या जागी होतात. जेथे मराठीची वाक्यरचना आणि इंग्रजीची वाक्यरचना यांची फारकत होते, नेमक्या त्या जागी. या जागा मोजक्या आहेत. त्या ओळखल्या आणि तेवढ्यांवर सराव केंद्रित केला, तर तोच अभ्यास निम्म्या वेळात होऊ शकतो. 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'च्या आधारे महाराष्ट्रातील अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यामागेही दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याचेच सूत्र होते.

कोठे किती इंग्रजी?

प्रत्येक परीक्षेतील इंग्रजीचे स्वरूप वेगळे असते. त्यामुळे 'इंग्रजी सुधारायचे आहे' असा मोघम संकल्प करण्याआधी आपल्या परीक्षेत नेमके काय विचारतात, हे पाहिले पाहिजे.

कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे अर्धा गुण वजा होतो. दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीच्या ४५ प्रश्नांना १३५ गुण असतात. येथे वाक्यातील चूक ओळखणे, समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, प्रयोग बदलणे, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करणे, असा थेट व्याकरण आणि शब्दसंग्रहाचा भर असतो. बँकांच्या परीक्षांत नियमांची नावे कोणी विचारत नाही. तेथे उताऱ्याचे आकलन, रिकाम्या जागांचा उतारा आणि विस्कटलेली वाक्ये क्रमाने लावणे यांना महत्त्व असते, आणि सारे काही ठरलेल्या थोड्या मिनिटांत उरकायचे असते. २०२३च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. संरक्षण दलांत अधिकारी होण्यासाठीच्या 'सीडीएस' परीक्षेत तर इंग्रजीचा स्वतंत्र १०० गुणांचा पेपर असतो.

लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील पेपर मात्र लेखी उत्तरांचा आहे. निबंध, उताऱ्यावरील प्रश्न, सारांशलेखन आणि व्याकरण व शब्दप्रयोग असे त्याचे भाग असतात. तेथे पर्यायांतून उत्तर निवडण्याची सोय नसते. शुद्ध वाक्य स्वतः लिहावे लागते. परीक्षांचे आराखडे अधूनमधून बदलतात. त्यामुळे ताजी जाहिरात आणि आयोगांच्या संकेतस्थळांवरील मागील प्रश्नपत्रिका हीच अभ्यासाची खरी सुरुवात समजावी.

विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये

मराठीत नामाला प्रत्यय लागतो. इंग्रजीत नामाआधी छोटा शब्द येतो. हा फरक सर्वांना ठाऊक असतो. अडचण अशी की, मराठीचा एक प्रत्यय इंग्रजीच्या एकाच शब्दाशी बांधलेला नसतो. 'तो माझ्यावर रागावला' या वाक्यातील 'वर' मनात घोळत असल्यामुळे विद्यार्थी 'अँग्री ऑन मी' लिहून मोकळा होतो. इंग्रजीत माणसावर रागावताना 'अँग्री विथ' म्हणतात. 'ती गणितात हुशार आहे' यातील 'त'मुळे 'गुड इन' सुचते. परीक्षेला अपेक्षित असते 'गुड ॲट'. 'त्याचे तिच्याशी लग्न झाले' यातील 'शी' हा प्रत्यय 'मॅरीड विथ'कडे ओढतो. बरोबर रूप 'मॅरीड टू'.

काही ठिकाणी उलटे घडते. मराठीत प्रत्यय आहे आणि इंग्रजीत काहीच नको असते. 'आम्ही या प्रश्नाविषयी चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट' लिहिले जाते, वास्तविक 'डिस्कस' या क्रियापदाला पुढे कोणतेही शब्दयोगी अव्यय लागत नाही. 'मुंबईला पोहोचलो' याचे 'रीच्ड टू मुंबई' होते. बरोबर आहे ते नुसते 'रीच्ड मुंबई'. 'एंटर द रूम', 'रिझेम्बल हिज फादर', 'ऑर्डर अ बुक' ही त्याच पठडीतील उदाहरणे. तुलनेत 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'सीनियर', 'ज्युनियर', 'प्रिफर' यांच्यापुढे 'दॅन' न येता 'टू' येतो. चूक ओळखण्याच्या प्रश्नांत ही मंडळी वारंवार हजेरी लावतात. अशी पन्नास-साठ जोड्यांची यादी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करावी. विकतच्या यादीपेक्षा ती अधिक काळ लक्षात राहते.

'पासून'ची गंमत आणि काळाचे सापळे

'मी जूनपासून पुण्यात राहतो' आणि 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' या दोन्ही वाक्यांत मराठी 'पासून' हाच शब्द वापरते. इंग्रजी मात्र आरंभबिंदू आणि कालावधी यांत भेद करते. जून हा आरंभबिंदू, म्हणून 'सिन्स जून'. पाच वर्षे हा कालावधी, म्हणून 'फॉर फाइव्ह इयर्स'. याच वाक्यात दुसरा सापळाही दडलेला आहे. मराठीत 'राहतो' हा साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत पूर्वी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली क्रिया सांगताना 'आय हॅव बीन लिव्हिंग' असेच म्हणावे लागते. एका वाक्यात दोन चुका होण्याची ही हमखास जागा असून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची ती आवडती आहे.

'मी काल तुमच्याकडे आलो होतो' हे मराठीतील नित्याचे वाक्य. त्यातील 'आलो होतो' याचे शब्दशः 'आय हॅड कम' होते आणि वाक्य चुकते. इंग्रजीत 'हॅड'चा हा काळ भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची घटना दाखवण्यासाठी राखलेला आहे. 'मी पोहोचण्यापूर्वी गाडी सुटली होती' येथे तो शोभतो. नुसत्या 'काल'साठी साधा भूतकाळ, 'आय केम यस्टर्डे', पुरेसा आहे.

तिसरी जागा 'जर-तर'ची. 'पाऊस पडला तर मी येणार नाही' यात मराठी 'पडला' असे भूतकाळी रूप वापरते, तर 'तू येशील तेव्हा आपण बोलू' यात 'येशील' हे भविष्यकाळी रूप येते. इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ हवा : 'इफ इट रेन्स', 'व्हेन यू कम'. अट किंवा वेळ सांगणाऱ्या उपवाक्यात 'विल' दिसले की संशय घ्यावा, एवढा नियम लक्षात ठेवला तरी काही गुण पदरात पडतात.

'तो म्हणाला की मी येतो' हे मराठीत निर्दोष आहे. 'की'नंतरचा 'मी' म्हणजे बोलणारा 'तो' हे आपण सहज समजतो. इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात 'दॅट' आले की सर्वनाम बदलते आणि काळही एक पाऊल मागे जातो : 'ही सेड दॅट ही वॉज कमिंग'. सूर्य पूर्वेला उगवतो यासारखे चिरंतन सत्य असेल, तरच काळ जागचा हलत नाही.

कर्ता कोण, क्रियापद कोणाचे?

शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकलो. 'रामने आंबा खाल्ला', 'रामने चिंच खाल्ली'. क्रियापद येथे कर्माच्या मागे जाते. इंग्रजीत क्रियापद नेहमी कर्त्याशीच बांधलेले असते. म्हणून वाक्य लांबलचक असले, तरी प्रथम कर्ता शोधावा. 'द क्वालिटी ऑफ दीज मँगोज' या शब्दसमूहात क्रियापदाच्या शेजारी आंबे बसले असले, तरी कर्ता 'क्वालिटी' हाच आहे, म्हणून 'इज'. 'वन ऑफ द बॉइज' असे आले की कर्ता 'वन', म्हणून तेथेही 'इज'. 'ॲज वेल ॲज' किंवा 'अलाँग विथ' यांनी जोडलेल्या नामांत क्रियापद पहिल्या नामाचे ऐकते, तर 'आयदर-ऑर' आणि 'नायदर-नॉर' यांत जवळच्या नामाचे.

वचनाच्या बाबतीतही दोन भाषांचे हिशेब वेगळे आहेत. मराठीत 'केस काळे आहेत', इंग्रजीत 'हेअर इज ब्लॅक'. आपण 'बातम्या ऐकतो', इंग्रजीत 'न्यूज' शेवटी 'स' असूनही एकवचनी. आपण एखाद्याला 'चार सल्ले' देतो, इंग्रजीत 'ॲडव्हाइस' मोजता येत नाही. उलट 'पोलीस' हा शब्द इंग्रजीत दल या अर्थाने नेहमी अनेकवचनी : 'द पोलीस हॅव अरेस्टेड'. 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'सीनरी' या नामांना अनेकवचनाचा 'स' लावलेला दिसला, की चूक सापडली असे समजावे.

जे मराठीत नाहीच ते

'अ', 'ॲन' आणि 'द' यांना मराठीत प्रतिशब्द नाहीत. जे भाषेत नाही, ते कानाला खटकतही नाही. म्हणून आर्टिकलची चूक डोळ्यासमोर असूनही दिसत नाही. येथे थोडे नियम पाठ करणे अपरिहार्य आहे. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरते. म्हणून 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी'. 'अ बीए' पण 'ॲन एमए'. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा यांच्या नावांआधी 'द' येतो : 'द गोदावरी', 'द हिमालयाज'. एकट्या शिखराच्या किंवा शहराच्या नावाआधी येत नाही : 'माउंट एव्हरेस्ट', 'नाशिक'.

'अ' आणि 'द' यांतील फरकाचा उपयोग आणखी एके ठिकाणी होतो. एखादी गोष्ट प्रथम सांगताना 'अ फार्मर' म्हणतात. तोच शेतकरी पुन्हा आला की 'द फार्मर' होतो. विस्कटलेली वाक्ये लावताना 'अ' असलेले वाक्य आधी आणि 'द' असलेले नंतर, हा दुवा उपयोगी पडतो. 'ही', 'दे', 'धिस', 'सच', 'हाउएव्हर' अशा शब्दांनी सुरू होणारे वाक्य सहसा पहिले नसते, कारण त्यांना मागचा संदर्भ लागतो. पहिले वाक्य सापडले की निम्मे कोडे सुटते.

चूक ओळखण्याच्या प्रश्नांत वाक्य 'कानाला कसे वाटते' यावर विसंबू नये. एक ठरावीक क्रम ठेवावा. आधी क्रियापद आणि त्याचा कर्ता, मग काळ, मग नामाचे वचन आणि आर्टिकल, नंतर शब्दयोगी अव्यय, शेवटी सर्वनाम आणि तुलना. या पाच चाळण्यांतून वाक्य निर्दोष बाहेर पडले, तर 'चूक नाही' हा पर्याय निर्धास्तपणे निवडावा.

शब्दसंग्रह : यादीपेक्षा कुळे

शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ जातो आणि आठवड्याभरात त्या विसरल्या जातात. मराठी विद्यार्थ्याजवळ मात्र एक साधन आधीपासून आहे. संस्कृतमधील 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार हे शब्द कसे झाले, हे आपण शाळेत शिकतो. उपसर्ग बदलला की अर्थ पालटतो. इंग्रजीने लॅटिनमधून घेतलेले शब्द याच रीतीने घडले आहेत. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. आत आणले तर 'इम्पोर्ट', बाहेर नेले तर 'एक्स्पोर्ट', एका जागेहून दुसरीकडे नेले तर 'ट्रान्स्पोर्ट', देशाबाहेर घालवले तर 'डिपोर्ट', उचलून नेता येईल ते 'पोर्टेबल'. 'डिक्ट' म्हणजे बोलणे : 'प्रेडिक्ट' म्हणजे आधी सांगणे, 'कॉन्ट्राडिक्ट' म्हणजे विरुद्ध बोलणे, 'व्हर्डिक्ट' म्हणजे निवाडा. 'बेने' म्हणजे चांगले आणि 'मॅल' म्हणजे वाईट, हे कळले की 'बेनेव्होलंट' आणि 'मॅलेव्होलंट' यांचे अर्थ एकमेकांविरुद्ध आहेत हे वेगळे पाठ करावे लागत नाही. अशी चाळीसएक कुळे ओळखीची झाली, तर अनोळखी शब्दाचाही अदमास बांधता येतो.

दोन्ही भाषांचे दूरचे नातेही मदतीला येते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असे सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात १७८६ मध्ये मांडले. त्या नात्याच्या खुणा आजही दिसतात : मातृ आणि 'मॅटर्नल', पितृ आणि 'पॅटर्नल', दंत आणि 'डेंटल', दश आणि 'डिकेड', नाम आणि 'नॉमिनल'. स्मरणासाठी एवढा धागा पुरेसा असतो.

वाक्प्रचार आणि म्हणी यांसाठीही मराठी जोडी शोधावी. 'ॲड फ्यूएल टू द फायर' म्हणजे आगीत तेल ओतणे. 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज' म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. 'अ बॅड वर्कमन क्वारल्स विथ हिज टूल्स' म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. 'इट टेक्स टू टू मेक अ क्वारल' म्हणजे एका हाताने टाळी वाजत नाही. परंतु सगळ्यांना जोडी मिळत नाही आणि शब्दांवरून अर्थ काढण्याचा मोह फसवतो. 'शो द व्हाइट फेदर' यातील पांढरे पीस पाहून पांढऱ्या निशाणाची आणि तहाची आठवण होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ भ्याडपणा दाखवणे असा आहे. असे फसवे वाक्प्रचार वेगळ्या पानावर लिहून ठेवावेत.

दिसायला सारख्या शब्दांच्या जोड्यांना आणखी एक पान द्यावे. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, तर 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचे. 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात महत्त्वाचे ठरलेले, 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाविषयीचे. 'अडॉप्ट' म्हणजे स्वीकारणे, 'अडॅप्ट' म्हणजे जुळवून घेणे. तसेच बोलण्यात रुळलेली पुनरुक्ती टाळावी. 'परत पुन्हा' म्हणण्याच्या सवयीतून 'रिपीट अगेन' आणि 'रिटर्न बॅक' येतात. परीक्षेत या दोन्हींना चूक मानतात. 'कझिन ब्रदर' मधील 'ब्रदर'ही अनावश्यकच.

आकलन : जे लिहिले आहे तेवढेच

उताऱ्यावरील प्रश्नांत हुशार विद्यार्थीही का चुकतात, याचे कारण बहुधा इंग्रजीत नसते. ते उताऱ्यात नसलेली माहिती स्वतःच्या डोक्यातून घालतात. एक उदाहरण घेऊ. समजा, उताऱ्याचा आशय असा आहे : ठिबक सिंचनामुळे एकरी पाणी कमी लागते. मात्र वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र भिजवू शकतो किंवा अधिक पाण्याचे पीक घेऊ शकतो. त्यामुळे परिसरातील पाण्याचा एकूण उपसा घटेलच असे नाही.

प्रश्न असा : उताऱ्यातून कोणता निष्कर्ष निघतो? पहिला पर्याय, ठिबक सिंचन निरुपयोगी आहे. दुसरा, ठिबकसाठी सरकारने अनुदान वाढवावे. तिसरा, केवळ तंत्र बदलल्याने पाण्याचा एकूण वापर कमी होण्याची हमी नाही. चौथा, उसासाठी ठिबक सक्तीचे करावे.

दुसरा आणि चौथा पर्याय वृत्तपत्रांतून आपण वाचलेले असतात, म्हणून ते ओळखीचे आणि बरोबर वाटतात. परंतु उताऱ्यात अनुदानाचा आणि सक्तीचा उल्लेखच नाही. पहिला पर्याय उताऱ्यातील विधान टोकाला नेतो. एकरी बचत होते हे तर उताऱ्यानेच मान्य केले आहे. उरला तिसरा. आकलनाच्या चुकीच्या पर्यायांचे तीन मुख्य प्रकार याच उदाहरणात आले : विषयाबाहेरचा, सल्ला देणारा आणि टोकाचा. 'ऑल', 'ओन्ली', 'ऑलवेज', 'नेव्हर' असे शब्द पर्यायात दिसले, की उताऱ्यातही तेवढेच ठाम विधान आहे का, ते तपासावे. आकलनाचा सराव करताना केवळ बरोबर उत्तर जुळवून पुढे जाऊ नये. उरलेले तीन पर्याय का चूक, हे प्रत्येकी एका वाक्यात लिहावे. असे वीस उतारे हे घाईने सोडवलेल्या शंभर उताऱ्यांपेक्षा अधिक शिकवतात.

मराठी माध्यमाच्या उमेदवारासाठी वाचनाचा वेग हा स्वतंत्र प्रश्न आहे. नागरी सेवा मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा असली, तरी भाषा विषय वगळता प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेल्या असतात. पूर्व परीक्षेचेही तेच. त्या परीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये ३३ टक्के गुणांची अट आहे आणि त्यात उताऱ्यांचा वाटा मोठा असतो. म्हणजे इंग्रजी वाचनाची गती ही केवळ इंग्रजीच्या पेपरपुरती गरज राहत नाही. रोज एखाद्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घड्याळ लावून वाचावा. पहिल्या वाचनात शब्दकोशाला हात लावू नये. लेखकाचा मुद्दा एका मराठी वाक्यात लिहावा. दुसऱ्या वाचनात अडलेल्या शब्दांपैकी पाचच शब्द निवडून संपूर्ण वाक्यासह वहीत उतरवावेत.

सारांशलेखनाचा सरावही याच अग्रलेखावर होऊ शकतो. लोकसेवा आयोगाला मूळ उताऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश लांबीचा सारांश स्वतःच्या शब्दांत हवा असतो. उदाहरणे, आकडे आणि पुनरुक्ती वगळून मुद्दे मूळ क्रमाने मांडावेत. स्वतःचे मत घालू नये. मूळ वाक्ये तुकड्यातुकड्यांनी उचलणे ही येथील सर्वांत मोठी चूक. त्यावर सोपा उपाय असा की, मुद्दे आधी मराठीत टिपावेत, उतारा झाकावा आणि मग त्या टिपणांवरून इंग्रजीत लिहावे.

अंदाजाचे गणित

उत्तर येत नसेल, तर ठोकताळा लावावा का? याचे उत्तर गणिताने मिळते. चार पर्यायांचा प्रश्न असेल आणि चुकीसाठी एक तृतीयांश गुण कापले जात असतील, तर डोळे झाकून दिलेल्या उत्तरांतून सरासरी लाभ शून्य होतो. चारांपैकी एक बरोबर येते आणि तीन चुका मिळून तेवढेच गुण घेऊन जातात. परंतु दोन पर्याय निश्चितपणे चूक आहेत असे कळले, तर उरलेल्या दोनांतून निवड करणे फायद्याचे ठरते. थोडक्यात, पर्याय वगळण्याचे कौशल्य हेच गुण मिळवून देते. वर सांगितलेल्या पाच चाळण्या आणि आकलनातील तीन चुकीचे प्रकार हे पर्याय वगळण्यासाठीच उपयोगी आहेत.

तीन महिन्यांचा आराखडा

रोज एक तास दिला, तर तीन महिने पुरतात. पहिल्या महिन्यात व्याकरणाच्या वर सांगितलेल्या जागा, एका आठवड्याला एक, अशा घ्याव्यात : शब्दयोगी अव्यये, काळ, कर्ता-क्रियापद व वचन, आणि आर्टिकलसह अप्रत्यक्ष कथन. प्रत्येक जागेवर दहा मराठी वाक्ये घेऊन त्यांचे इंग्रजी करावे आणि एखाद्या प्रमाण व्याकरणाच्या पुस्तकावरून तपासावे. दुसऱ्या महिन्यात दिवसाआड आकलन आणि शब्दकुळे, तसेच आठवड्यातून एक सारांश व एक निबंध. तिसऱ्या महिन्यात फक्त मागील प्रश्नपत्रिका, त्याही घड्याळ लावून.

या सर्व काळात एक वही सोबत असावी. तिच्यात तीन रकाने : चुकलेले वाक्य, दुरुस्त वाक्य आणि चुकीमागचे मराठी कारण. 'पासूनमुळे', 'आलो होतोमुळे', 'वरमुळे' अशी कारणे लिहिताना महिनाभरात लक्षात येते की, तीच पाच-सात कारणे फिरून फिरून येत आहेत. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात जाडजूड पुस्तके उघडण्याऐवजी ही वही दोनदा वाचावी. दुसऱ्याच्या चुकांवर लिहिलेल्या कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा ती अधिक नेमकी असते.

मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवले जाई. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. आजचे बहुतेक परीक्षार्थी त्यानंतरच्या पिढीचे आहेत. म्हणजे शब्द आणि नियम त्यांच्या कानांवरून दहा-बारा वर्षे गेलेले आहेत. कमतरता असते ती दोन भाषांमधील बांध नेमका कोठून जातो, हे पाहण्याची. तो बांध एकदा दिसला की, मातृभाषेचे व्याकरण पक्के असलेला विद्यार्थी मुळीच मागे राहत नाही. कर्ता, कर्म, प्रयोग, विभक्ती ही हत्यारे त्याच्या हातात शाळेतच आलेली असतात. ७५ गुणांची मर्यादा त्याच्या आवाक्यातली आहे. मात्र त्यासाठी इंग्रजीचे पुस्तक थराच्या तळातून आजच वर काढले पाहिजे.